काना नसलेलं नाव

लिफ्टवाले काका दवाखान्यातून घरी आले तेव्हा त्यांच्याकडे दोन नव्या वस्तू होत्या: मांडीच्या हाडात एक सळई आणि काखेत एक कुबडी. बाकी माणूस तोच. नाक तेच, नाकावरचा राग तोच. ‘पडलो तरी नाक वर’ असं आपण सहज बोलून जातो, पण काका खरोखरच पडले होते, आणि नाक तसूभरही खाली आलं नव्हतं.

पडले ते स्वतःच्याच चुकीने. लिफ्टच्या टपावर उभं राहून ते बाजूच्या लोखंडी रुळांना तेल देत होते. टपावर चढायचं तर आधी तिथला लाल खटका दाबायचा, म्हणजे आतून-बाहेरून कुणी कितीही बटणं दाबली तरी लिफ्ट हलत नाही. हे काकांनी आजवर किती नव्या कामगारांना ओरडून शिकवलं असेल त्याची गणती नाही. त्या दिवशी खटका त्यांनीच दाबला नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. कुणीतरी वरच्या मजल्यावर बटण दाबलं, लिफ्ट हिसका देऊन हलली, आणि काका भिंतीच्या फटीतून खाली खड्ड्यात. लिफ्ट पहिल्याच मजल्यावर होती म्हणून हाडावर निभावलं.

घरी आल्यावर त्यांची खाट खिडकीपाशी लावली. खिडकीला लागून स्वयंपाकघराचं दार. काकू दिवसभर आत, काका दिवसभर बाहेर पडून. सगळा जन्म वरखाली करण्यात गेलेल्या माणसाला आडवं पडून राहणं म्हणजे शिक्षाच. पण त्यांना खरा त्रास हाडाचा नव्हता, आणि तो कशाचा होता हे त्या घरातल्या दोन्ही माणसांना माहीत होतं.

मुलगी एकुलती एक. तिने लग्न केलं, वर्ष भरायच्या आत मोडलं आणि बॅग घेऊन माहेरी आली. का मोडलं ते तिने आईला सांगितलं, आईने ऐकून घेतलं. काकांना ऐकायचंच नव्हतं. त्यांच्या लेखी मोडलेली वस्तू दुरुस्त करायची असते, तिला काय झालं म्हणून विचारत बसायचं नसतं. तिला न सांगता ते जावयाच्या घरी गेले, गोड बोलून, हातापाया पडून समेट करून आले आणि तिला म्हणाले, “उद्या तो न्यायला येतोय.” तो आला तेव्हा ती तिथे नव्हती. आदल्या संध्याकाळीच ती निघाली होती. निघताना जिन्यात बापलेकीचं जे काही झालं ते मजल्यावरच्या सगळ्या दारांनी ऐकलं. तिने दुसऱ्या शहरात नोकरी धरली, खोली घेतली. आईला फोन येत असे. बापाला नाही. बापाचाही तिला नाही. याला आता दोन वर्षं होत आली होती.

एका दुपारी काकूंचे हात भांड्यांच्या साबणात होते आणि फोन वाजला. त्यांनी कोपराने बटण दाबून तो ओट्यावर ठेवला, त्यामुळे पलीकडचा आवाज खाटेपर्यंत आला.

“बाबा कसे आहेत? बरे आहेत का?”

“त्यांनाच विचार,” काकू म्हणाल्या.

“आई, सांग ना.”

“नाही सांगणार. मी काय तुमच्या दोघांची टपालपेटी आहे? हे म्हणतात तिला विचार, तू म्हणतेस त्यांना विचार. तोंडं आहेत ना देवाने दिलेली? आणि तो टकटक आवाज कसला येतोय? कोडं सोडवतेयस? ठेव ते मोबाइलवरचं कोडं बाजूला, आधी जेव.”

काकांनी डोळे मिटून घेतले. झोपलोय असं दाखवायला नव्हे. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि काकू कुठल्याही क्षणी बाहेर आल्या असत्या.

कोडं म्हणजे शब्दकोडं, हे त्यांना सांगावं लागलं नाही. ती शाळेत असल्यापासून रोज सकाळी वर्तमानपत्रातलं कोडं दोघं मिळून सोडवत. आडवे शब्द तिचे, उभे काकांचे. ‘नवऱ्याच्या भावाची बायको, निघतानाही हेच विचारतात’ असा एक दोन अक्षरी शब्द एकदा आला होता. ती ओरडली, “जाऊ!” काका दाढी करत होते. ते म्हणाले, “कुठे निघालीस?” “अहो बाबा, कुठे नाही. उत्तर आहे, जाऊ!” त्या गोष्टीवर ते घर कित्येक दिवस हसत होतं.

त्याच दुपारी काकांनी आपल्या मोबाइलमध्ये त्याच वर्तमानपत्राचं कोडं शोधून काढलं; ती दुसरं सोडवणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. रोज सकाळी नवं कोडं येई. सोडवणाऱ्यांची क्रमवारी लागे, आणि खाली गप्पा मारायला एक कट्टा होता, तिथे सगळे एकमेकांना हिंट देत, टोमणे मारत. आत शिरण्याआधी नाव विचारलं. खरं नाव नको, कुठलंही चालेल, पण इंग्रजी अक्षरांत. काकांना विचार करावा लागलाच नाही. प्रश्न त्यांनी नुकताच ऐकला होता, त्याचं उत्तर त्यांनी एका बोटाने टाइप केलं: mibaraahe. मी बरा आहे.

ती रोज इथे येते. कधीतरी नाव तिच्या नजरेला पडेल. फोन केला तर आपण नमल्यासारखं होईल, आणि तिने उचललाच नाही तर? त्यापेक्षा हे बरं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच, पण काकांना तेव्हा ही मोठी युक्ती वाटली होती.

पहिल्याच दिवशी कट्ट्यावर त्यांचं स्वागत झालं. “ये रे बाळा. कितवीत आहेस?”

काकांना वाटलं, कुणीतरी थट्टा करतंय. दुसरी एक बाई म्हणाली, “शाळेचा अभ्यास करून मगच इथे येत जा हं.” तिसरा म्हणाला, “नावातच वय सांगून टाकलंस ते छान केलंस. बारा वर्षांची मुलं शब्दकोडी सोडवतात हे बघून आनंद झाला.”

तेव्हा कुठे उजेड पडला. इंग्रजी अक्षरांना काना कुठला ठाऊक! ‘बरा’ आणि ‘बारा’ त्यांना एकच. काकांनी लिहिलं होतं मी बरा आहे, आणि अख्खा कट्टा वाचत होता मी बारा आहे.

लगेच खुलासा करायचा म्हणून त्यांनी बोट उचललंही. तेवढ्यात nakoch नावाच्या कुणीतरी विचारलं, “दुपारी नीट जेवलास का रे? आई घरी असते ना?” नकोच. कसलं हे नाव, काकांच्या मनात आलं. पण प्रश्नाला उत्तर देणं भाग होतं. ते म्हणाले, “हो, जेवलो.” आणि खुलासा राहून गेला. सांगायचं तर त्यांना तो करावासाच वाटला नाही. जेवलास का, झोपलास का, पाय दुखतोय म्हणालास तर आईला तेल लावून द्यायला सांग: असं त्यांना कुणी विचारून जमाना लोटला होता. काकू सगळं करत, पण त्या विचारत नसत, नुसतं करत.

एकदा उभा, चार अक्षरी शब्द आला: ‘वर नेतो, खाली आणतो, स्वतः त्याच घरात राहतो.’ काका अडले. ‘पाळणा’ बसेना. कट्ट्यावर विचारलं तर nakoch ने समजावून सांगितलं, “उद्वाहक रे बाळा. म्हणजे लिफ्ट. मोठ्या इमारतीत असते बघ, बटण दाबलं की वर जाते. तू एकटा जाऊ नकोस हं तिच्यात, मोठं माणूस बरोबर असू दे.”

काकांनी ते दोनदा वाचलं आणि खाटेवर पडल्या पडल्या इतके हसले की मांडीतली सळई दुखली. काकू हात पुसत दारात आल्या. अपघातानंतर या माणसाला हसताना त्या पहिल्यांदा बघत होत्या. त्यांनी काय झालं म्हणून विचारलं नाही, पण त्या बराच वेळ दारातच उभ्या राहिल्या.

आता काकांना एकच नाद लागला. यातली आपली कोण? क्रमवारीतली नावं ते रोज वरून खाली आणि खालून वर वाचत. एकेका नावापाशी थांबत, तिच्या तोंडी ते शोभतं का बघत. शेवटी त्यांचं मन nakoch वर येऊन ठरलं. नकोच: लग्न नकोच, नवरा नकोच, असला बापही नकोच. सगळं जुळत होतं. आणि लहान मुलाची एवढी काळजी करणारी ती दुसरी कोण असणार? आपली पोर जेवलास का म्हणून आपल्याला विचारते, आणि आपण कोण ते तिला माहीत नाही, या विचाराने काकांना गोडही वाटे आणि अपराधीही.

मग कोडी रचणाऱ्या बाईंनी एका रविवारी जाहीर केलं की आज कोड्याला सुट्टी. आज प्रत्येकाने आपल्या नावामागची गोष्ट सांगायची.

लोक भरभरून लिहू लागले. takkahitari नावाच्या बाईंनी सांगितलं की त्यांनी नवऱ्याला विचारलं, नाव काय टाकू? तो क्रिकेट बघत होता. म्हणाला, टाक काहीतरी. त्यांनी तेच टाकलं. “आता सगळे मला काहीतरी म्हणतात आणि तो ऐकून घेतो,” असं त्यांनी लिहिलं. क्रमवारीत नेहमी पहिल्या दहात असणाऱ्या एकीने लिहिलं की हे नाव माझं नाही, माझ्या यजमानांचं आहे. ते गेल्या वर्षी गेले. ते चौथ्या नंबरवर होते. मला आडवे शब्द अजिबात येत नाहीत, शेजारणीला विचारून भरते, पण त्यांचं नाव खाली जाऊ देत नाही. त्यावर लोकांनी तिला आडव्या शब्दांची मदत देऊ केली.

मग nakoch ने लिहिलं. काकांनी चष्मा पुसला.

“मी बसचा ड्रायव्हर. मिशावाला, सव्वाशे किलोचा. दारू सोडून आता बरीच वर्षं झाली. सोडली तेव्हा कुणी ‘थोडी घे’ म्हटलं की मी म्हणायचो, नकोच. नको म्हटलं की लोक आग्रह करतात, नकोच म्हटलं की करत नाहीत. रोज इथे शिरताना तो शब्द माझ्याच हाताने लिहावा लागतो, म्हणून हे नाव. माझा मुलगा बारा वर्षांचा असताना मी शुद्धीवर नसायचो. तो जेवला की नाही हे मी कधी विचारलं नाही. आता इथल्या एका पोराला विचारतो.”

काकांनी मोबाइल छातीवर पालथा ठेवला. मुलगी गेली, मिशावाला ड्रायव्हर आला. कुणाला सांगितलं तर हसून मुरकुंडी वळेल. काकांना हसू आलं नाही. एका माणसाने आपलं सगळं उघड करून ठेवलं होतं, आणि ते ज्याच्यासाठी ठेवलं होतं तो बारा वर्षांचा पोर तिथे नव्हताच. आणि मग, इतक्या दिवसांनी, त्यांच्या ध्यानात दुसरी गोष्ट आली. सगळा कट्टा ‘बारा’ वाचतो, तर तीही बाराच वाचणार. म्हणजे निरोप पोचलाच नव्हता. त्यांचं नाव रोज तिच्या डोळ्यांसमोरून गेलं असेल आणि तिला वाटलं असेल, कोणीतरी लहान मुलगा आहे.

ते उठून बसले आणि लिहू लागले.

“मी बारा वर्षांचा नाही. नावात काना नाही, मी बरा आहे असं ते नाव आहे. माझं वय तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या वडिलांएवढं आहे. मी लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्टमधून पडलो, मांडी मोडली. माझी मुलगी दुसऱ्या गावी असते. आमचं बोलणं नाही. तिने आईला विचारलं की बाबा बरे आहेत का. ती इथे कोडी सोडवते असं कळलं, म्हणून हे नाव घेतलं. ड्रायव्हरसाहेब, माफ करा. तुम्ही विचारत होता ते मला आवडत होतं म्हणून गप्प राहिलो.”

बोलणं का नाही, तेही त्यांनी एका ओळीत लिहिलं होतं. जिन्यात उभं राहून, मजल्यावरची सगळी दारं उघडी असताना, ते बॅग घेऊन उतरणाऱ्या मुलीला म्हणाले होते, “आजपासून तू मला मेलीस.” ती थांबली होती, मागे वळून बघून “बरं” म्हणाली होती आणि उतरून गेली होती. ही ओळ काकांनी लिहिली, वाचली आणि पुसून टाकली. एवढ्या लोकांसमोर कशाला? आणि राहिलेलं पाठवून दिलं.

कट्ट्यावर एकच कल्लोळ उडाला. आम्ही तुम्हाला बाळा म्हणत होतो हो! लिफ्टवाल्याला लिफ्ट समजावून सांगितली! ड्रायव्हरने लिहिलं, “माफी कसली, काका. आता जेवलात का एवढं सांगा.” लोकांनी त्या न पाहिलेल्या मुलीला उद्देशून लिहिलं, ताई, वाचत असशील तर बोल गं त्यांच्याशी, किती चांगले वडील आहेत. काका सगळं वाचत होते. चांगले वडील, हे दोन शब्द त्यांनी पुढे ढकलले, त्यांच्याकडे फार वेळ बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रमवारीच्या अगदी तळाला एक नाव होतं. गुण शून्य. तिथे नाव बदलता येई, पण बदललं की आजवरचे सगळे गुण जात, म्हणून सहसा कुणी त्या वाटेला जात नसे. कुणीतरी काल आपले गुण सोडून दिले होते. नाव होतं meleli.

मेलेली असं स्वतःला कोण म्हणवून घेईल, म्हणून कट्ट्यावर लोकांनी ते आपापल्या परीने वाचायला सुरुवात केली. मळलेली? मिळालेली? का मेळातली? काहीतरी बाई म्हणाल्या, टाइप करताना अक्षर गळलं असेल, माझं असंच होतं. कोणीतरी विचारलं, “नवीन आलात ना? मग कालचा नियम तुम्हालाही लागू. सांगा बरं नावामागची गोष्ट.”

उत्तर आलं, “नाव वडिलांनी ठेवलंय.”

सगळ्या कट्ट्यावर ते नाव बिनचूक वाचू शकणारा एकच माणूस होता. काल पुसून टाकलेली ओळ तिने त्यांच्यापुढे आणून ठेवली होती, आणि तीही अशी की दुसऱ्या कुणाला कळू नये. बापाची अब्रू तिने राखली होती. काकांना तेच सहन होईना. चारचौघांत ओरडून बोलणारे आपण, आणि चारचौघांत आपल्याला झाकून घेणारी ती.

त्यांनी लिहिलं, “नाव बदलता येईल का?”

कोडी रचणाऱ्या बाईंनी भाबडेपणाने माहिती पुरवली की हो, सेटिंगमध्ये जाऊन बदलता येतं, पण गुण जातील. त्याच्याखाली meleli ची ओळ आली.

“ज्यांनी ठेवलं त्यांनी बदलावं.”

स्वयंपाकघरात नळ सुरू होता. काकांनी कट्टा बंद केला आणि फोनमध्ये तिचा नंबर काढला. तो नंबर त्यांनी कधी पुसला नव्हता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशी छातीत एक गाठ अजून होतीच: आपण बाप आहोत, आपण आधी का बोलायचं? त्यांनी ती गाठ सोडवली बिडवली नाही. ती तशीच असू देऊन त्यांनी बटण दाबलं.

पलीकडे वाजत राहिलं. मग वाजायचं थांबलं. श्वास ऐकू येत होता आणि मागे रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज होता. काका मनात जुळवलेलं सगळं एका क्षणात विसरले. माझं चुकलं, मी तुझं ऐकून घ्यायला हवं होतं, तुझ्याकडून ऐकायला हवं होतं, हे सगळं पुढे बोलायचंच होतं. पण आधी नाव बदलायचं होतं. ती तान्ही असताना पहिल्यांदा त्यांच्या हातात दिली तेव्हा त्यांच्या तोंडून एक नाव निघालं होतं. शाळेत, कागदांवर, लग्नपत्रिकेत कुठे ते कधी लागलं नाही, आणि त्यांच्याखेरीज त्या नावाने तिला कुणी बोलावतही नव्हतं.

काकूंनी आत नळ बंद केला.

काकांनी त्या नावाने हाक मारली. आवाज फुटला, नाव अर्धंच बाहेर आलं. म्हणून त्यांनी पुन्हा मारली, मोठ्याने, लहानपणी ती खाली खेळत असताना खिडकीतून मारत तशी.

पलीकडे एक दार लागलं, गाड्यांचा आवाज थांबला. मग तिने ओ दिली.